डिझेल गाडी खाद्यतेलावर: नवख्यांनी कुठून सुरुवात करावी

जुन्या डिझेल गाडीच्या टाकीत स्वच्छ खाद्यतेल ओतलं तर गाडी बहुधा चालते. हवा उबदार असेल तर पटकन सुरू होते, नीट पळते आणि मागून तळणीचा वास सोडते. नवखा माणूस नेमका इथेच फसतो. गाडी तेलावर चालणं वेगळं आणि तेलावर टिकणं वेगळं. नुकसान पहिल्या दिवशी होत नाही. ते इंधन फवारणाऱ्या नोझलच्या टोकाशी, पिस्टनच्या रिंगांत आणि सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) इंजिन ऑइलमध्ये हळूहळू साठत जातं, आणि लक्षात येतं तेव्हा इंजिन उघडायची वेळ आलेली असते. गाडी वर्षानुवर्षं टिकवायची तर काय करावं लागतं, ते पुढे क्रमाने सांगतो.

कल्पना जुनी आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. ते खनिज तेलासाठी बनवलेलं होतं, त्यात काहीही बदल केला नव्हता आणि ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांना त्यातलं वेगळेपण कळलं, असं रुडॉल्फ डिझेल यांनीच १९१२ साली नोंदवून ठेवलं आहे. हा दाखला सगळीकडे दिला जातो, पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्या काळच्या इंजिनात दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन फवारलं जात असे आणि इंजिनाचा वेगही कमी असे. आजच्या गाडीत हे काम पंप आणि नोझल करतात, तेही पातळ डिझेल गृहीत धरून.

तेल आणि डिझेल यांत फरक काय

सगळ्यात मोठा फरक घट्टपणाचा. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची स्निग्धता साधारण २ ते ४.५ सेंटीस्टोक असते, तर बहुतेक खाद्यतेलांची ३० ते ४०. म्हणजे तेल दहापट घट्ट. घट्ट तेल नोझलमधून बारीक धुक्यासारखं फवारलं जात नाही, त्याचे जाड थेंब पडतात. जाड थेंब पूर्ण जळत नाही, आणि उरलेल्याचा कार्बन होतो.

दुसरा फरक वाफेचा. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान वाफ होऊन जातं. खाद्यतेलाचा रेणू मोठा असतो. तो उकळण्याआधीच तुटतो. म्हणून थंड सिलिंडरच्या भिंतीला लागलेलं तेल तिथेच चिकटून राहतं, रिंगांच्या कडेने खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. तिसरा फरक पेट घेण्याचा. डिझेलचा सीटेन आकडा ४५ ते ५५ असतो, तेलाचा साधारण ३५ ते ४२. तेल थोडं उशिरा पेटतं, त्यामुळे थंड इंजिनात ठोके ऐकू येतात.

यातल्या पहिल्या अडचणीवर उपाय सोपा आहे: उष्णता. तेच तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवलं की स्निग्धता दहा-पंधरा सेंटीस्टोकच्या आसपास येते. डिझेलइतकं पातळ ते तेव्हाही होत नाही, पण इंजिन गरम असेल तर चांगलं जळतं. पुढची सगळी जोडणी या एका गोष्टीभोवती फिरते: गरम इंजिनाला गरम तेल द्यायचं आणि थंड इंजिनाला कधीच तेल द्यायचं नाही.

ताकदीत फार फरक पडत नाही. तेलात वजनामागे ऊर्जा कमी असते, किलोला साधारण ३७ ते ३९ मेगाज्यूल, डिझेलमध्ये ४२-४३. पण तेल जड असल्याने लिटरमागचा फरक पाचेक टक्क्यांवर येतो. पिकअप यापेक्षा जास्त पडला असेल तर दोष तेलात शोधू नका, फिल्टर आणि नळ्या बघा.

पायरी पहिली: गाडी या कामाची आहे का

सगळं इथे ठरतं. गाडी चुकीची असेल तर पुढची मेहनत वाया.

सर्वांत योग्य म्हणजे इनडायरेक्ट इंजेक्शनचं जुनं इंजिन. त्यात इंधन आधी एका छोट्या, तापलेल्या प्री-चेंबरमध्ये फवारलं जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं. तो चेंबर थोडे जाड थेंबही सांभाळून घेतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२३ मालिकेतली ओएम-६१६ आणि ओएम-६१७ इंजिनं, फोक्सवॅगनचं जुनं १.६ लिटरचं डिझेल, प्यूजोची एक्सयूडी इंजिनं ही याच जातीची. तेलावर गाड्या चालवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव उगाच झालेलं नाही.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंधन थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं आणि नोझलची छिद्रं बारीक असतात. अशी जुनी इंजिनंही चालवता येतात, पण त्यांना चूक झालेली खपत नाही. आणि कॉमन रेल, म्हणजे एका सामाईक नळीत दाबून ठेवलेलं इंधन फवारणारी नवी इंजिनं? तिथे दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, पंपातली फट केसाहून कितीतरी बारीक असते आणि संगणक प्रत्येक फवाऱ्याचं माप घेत असतो. नवख्याने अशा गाडीला हात लावू नये. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी तर सरळ बाद करा. तो फिल्टर स्वच्छ करायला बऱ्याच गाड्यांत उशिरा जादा इंधन फवारलं जातं. त्यातल्या डिझेलचा जो भाग सम्पमध्ये उतरतो तो नंतर बराचसा उडून जातो. तेल मात्र तिथेच साठत राहतं.

पंपाकडे वेगळं लक्ष द्या. बॉशचा इनलाइन पंप सगळ्यांत दणकट, कारण त्याच्या कॅमच्या भागाला इंजिन ऑइल मिळतं. बॉशचा व्हीई रोटरी पंप तेल नीट तापलेलं असेल तर काम करतो. लुकास-सीएव्ही धाटणीचे रोटरी पंप मात्र घट्ट, थंड तेलाचा ताण सोसत नाहीत, आतले भाग तुटतात. गाडीवर असा पंप असेल तर पंप बदला किंवा गाडीच दुसरी बघा.

शेवटचं म्हणजे, तेलावर नेण्याआधी गाडी डिझेलवर ठणठणीत असली पाहिजे. कॉम्प्रेशन तपासा, हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतून तापवणारे) सगळे तापतात का बघा, नोझल मिस्त्रीकडून टेस्ट करून घ्या. आधीच धूर टाकणारं, ऑइल खाणारं इंजिन तेलावर सुधारत नाही. रिंगा सैल असतील तर सम्पमध्ये तेल दुप्पट वेगाने उतरतं.

पायरी दुसरी: पद्धत निवडा

तीन वाटा आहेत. पहिली मिश्रणाची: डिझेलमध्येच थोडं तेल मिसळायचं. इनडायरेक्ट इंजिनात, उबदार हवेत, दहा-वीस टक्के तेल चालवणारे बरेच आहेत. पण मिश्रणाने धोका कमी होतो, जात नाही, कारण थंड इंजिनातही तेल जातंच. काही जण मिश्रण पातळ व्हावं म्हणून पेट्रोल घालतात. ते करू नका. खाद्यतेलाचा ज्वलनांक (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) २०० अंशांच्या वर असतो, डिझेलचा ५५ च्या वर. थोडंसं पेट्रोल पडलं तरी टाकीवरची वाफ ठिणगीने पेटण्याजोगी होते.

दुसरी वाट एका टाकीची. नोझल, हीटर प्लग, फवाऱ्याची वेळ, सगळं बदलून गाडी थंड असतानाही तेलावरच सुरू करायची. जर्मनीतल्या एल्सबेट यांनी या दिशेने बरंच काम केलं. त्यासाठी त्या इंजिनाची बारकाईने माहिती असलेला माणूस लागतो.

तिसरी वाट दोन टाक्यांची, आणि नवख्यांसाठी माझं मत हिलाच. गाडीची मूळ टाकी डिझेलची राहते, तेलासाठी वेगळी टाकी बसते. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन आणि तेल तापलं की तेलावर घ्यायची, थांबण्याआधी परत डिझेलवर आणायची. काही बिघडलं तर बटण दाबून डिझेलवर घरी येता येतं, हा फायदा मोठा आहे.

बायोडिझेलची यात गल्लत होते म्हणून दोन ओळी. बायोडिझेल म्हणजे तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिकसारख्या उत्प्रेरकाची प्रक्रिया करून, त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढून बनवलेलं पातळ इंधन. त्याची स्निग्धता डिझेलच्या जवळ येते, म्हणून वेगळी टाकी लागत नाही. पण मिथेनॉल विषारी आहे, त्याने दृष्टी जाते, आणि त्याची वाफ पटकन पेटते. गाडीत बदल नकोत म्हणून घरात रसायनशाळा उभी करायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तरी गाडीत बदल करणं पसंत करतो.

पायरी तिसरी: तेल कोणतं

नवं तेल वापरणार असाल तर प्रश्न सोपा होतो, पण पूर्ण सुटत नाही. तेलाचा आयोडीन आकडा बघा. तो जितका जास्त तितकं ते तेल हवेत, उष्णतेत लवकर घट्ट होतं आणि वार्निशसारखा थर धरतं. खोबरेल तेलाचा आकडा दहाच्या आसपास, पामतेलाचा पन्नासच्या, शेंगदाण्याचा नव्वदच्या, रेपसीडचा ११० च्या आणि सोयाबीन-सूर्यफुलाचा १३० च्या आसपास. जवसाचा १७० च्या वर. रंगकामात जवस वापरतात ते याच गुणामुळे, आणि गाडीत नको तेही याच गुणामुळे.

मग खोबरेल किंवा पामतेलच घ्यावं की काय? तिथे दुसरी अडचण उभी राहते. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, पामतेल तर त्याहूनही जास्त तापमानाला घट्ट होतं. गार हवेत टाकीतच मेणासारखा गोळा. म्हणून हवामान बघून तोल साधावा लागतो. रेपसीड या दोन्हींच्या मध्ये पडतं. जर्मनीत या इंधनासाठी जे मानक लिहिलं गेलं, डीआयएन ५१६०५, ते रेपसीड तेलासाठीच. त्यातल्या तीन मर्यादा कुठल्याही तेलाला मोजपट्टी म्हणून वापराव्यात: पाणी ०.०७५ टक्क्यांपेक्षा कमी, गाळ किलोमागे २४ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि आम्ल आकडा २ पेक्षा कमी.

पायरी चौथी: तळणीचं तेल इंधन होईपर्यंत

बहुतेकांना वापरलेलं तेल स्वस्तात किंवा फुकट मिळतं म्हणून या वाटेला यायचं असतं. पण खरे कष्ट इथेच आहेत. त्या तेलात पाणी असतं, मीठ असतं, पिठाचा चुरा असतो, जळलेला काळा गाळ असतो आणि तळताना तेल तुटून झालेली आम्लं असतात. यांपैकी पाणी सगळ्यांत वाईट: पंप आणि नोझल गंजतात आणि बारीक फटीत तेलाचं वंगण तुटतं.

तेल घेतानाच निवड करा. पिंपात वरून बघितल्यावर तेल मधासारखं पारदर्शक, सोनेरी-तपकिरी दिसलं तर घ्या. दुधाळ, गढूळ, साबणासारखं फेसाळ किंवा आंबूस वास येणारं तेल कितीही फुकट असलं तरी सोडून द्या. खराब तेल साफ करत बसण्यापेक्षा चांगलं तेल शोधणं केव्हाही परवडतं.

आणलेलं तेल आधी गार जागी, झाकून, न हलवता काही आठवडे राहू द्या. चुरा, पाणी आणि गोठणारी चरबी खाली बसते. ज्या तेलातली चरबी गार जागीही वेगळी होत नाही, ते गाडीतही फिल्टर तुंबवत नाही. म्हणून हे निवळणं गारच असावं. तेल पिंपाच्या वरच्या भागातून काढा. खालचा पंचमांश पुन्हा निवळायला ठेवा किंवा टाकून द्या. मग जाळीच्या चाळणीतून, नंतर पाच मायक्रॉनच्या पिशवीतून आणि शेवटी एक मायक्रॉनमधून गाळा.

पाणी काढायला तेल साधारण ६० अंशांपर्यंत तापवा आणि एक-दोन दिवस उभं राहू द्या. गरम तेल पातळ असतं, त्यातलं पाणी लवकर तळाशी जातं. तळाच्या तोटीने ते काढून टाका. थेट शंभरच्या वर तापवायची घाई करू नका. तळाशी पाण्याचा थर असेल तर त्याची एकदम वाफ होते आणि पिंपभर तेल बाहेर उसळतं. त्याने भाजलेलं फार खोल भाजतं.

आता चाचणी. छोटी लोखंडी कढई चांगली तापू द्या, धूर यायच्या अलीकडे थांबा, डोळ्यांवर चष्मा लावा. चमचाभर तेल सोडा आणि जवळून, पण तोंड बाजूला ठेवून, दहा-पंधरा सेकंद बघा. तडतड झाली, मोठे बुडबुडे फुटले तर तेल ओलं आहे, परत निवळायला. तळातून टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे रांगेने वर आले तर थोडं पाणी अजून आहे, एकदा आणखी तापवा. तेल नुसतं पसरलं, चकाकलं आणि शांत राहिलं, तर ते कोरडं. या चाचणीला काही खर्च नाही आणि तिच्याएवढी उपयोगी दुसरी चाचणी मला ठाऊक नाही. प्रत्येक पिंपासाठी करा, तेल नेहमीच्या ठिकाणाहून आलं असलं तरी करा.

आम्ल तपासायला थोडी रसायनाची भांडी लागतात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवा. दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि सोड्याचं ते द्रावण थेंब थेंब घालून फिकट गुलाबी रंग येऊ द्या. यामुळे अल्कोहोलचं स्वतःचं आम्ल हिशेबातून जातं. मग त्यात एक मिलिलिटर तेल घाला, रंग जाईल. परत गुलाबी रंग येऊन दहा-पंधरा सेकंद टिकेपर्यंत द्रावण मोजून घाला. जितके मिलिलिटर लागले त्याला दीडने गुणलं की अंदाजे आम्ल आकडा मिळतो. म्हणजे १.३ मिलिलिटरपर्यंत लागलं तर तेल जर्मन मानकाच्या २ या मर्यादेत बसलं. तीन-चार मिलिलिटर लागले तर ते तेल फार तळलेलं आहे, गाडीत घालू नका. हातमोजे घालायला विसरू नका. सोडा कातडी खातो.

साठवण अंधारात, थंडाव्यात आणि काठोकाठ भरलेल्या झाकणबंद डब्यात. हवा आणि उजेड हे तेलाचे शत्रू. सहा महिन्यांच्या आत वापरून टाकलेलं बरं. आणि एक ताकीद: तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात ठेवू नका. हवेशी प्रक्रिया होऊन असा ढीग आतून तापतो आणि आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका.

पायरी पाचवी: गाडीतली जोडणी

टाकी, नळी, तापवणं, गाळणं, बदलणं असा तेलाचा प्रवास आहे. टाकी स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम किंवा उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची घ्या. तांबं आणि पितळ टाळा, कारण त्यांच्या सान्निध्यात गरम तेल लवकर घट्ट होतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. आम्ल जस्ताशी साबण करतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. साध्या रबरी नळ्या तेलाने फुगतात, मऊ पडतात. व्हायटॉनच्या (तेल आणि उष्णता सोसणाऱ्या खास रबराच्या) नळ्या आणि ओ-रिंगा महाग असल्या तरी त्याच घ्या. नळीचं आतलं माप डिझेलच्या नळीपेक्षा मोठं, दहा-बारा मिलिमीटरचं ठेवा.

उष्णता फुकट मिळते, इंजिनाच्या कूलंटमधून (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातून). केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या नळीत फाटा काढून गरम कूलंट आधी उष्मा-विनिमयकात (कूलंटची उष्णता तेलाला देणाऱ्या भांड्यात), मग फिल्टरच्या वेष्टनात आणि पुढे तेलाच्या नळीला लागून टाकीपर्यंत न्या. कूलंटची आणि तेलाची नळी एकत्र बांधून वरून उष्णतारोधक गुंडाळी केली की वाटेत तेल गार होत नाही. तेलासाठी फिल्टर स्वतंत्र हवा, तोही गरम.

तापमानाचा सेन्सर पंपाच्या अगदी तोंडाशी बसवा. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान सांगतो. तेल त्याच्या मागे बरंच रेंगाळत असतं. काट्यावर विसंबून बटण दाबणारे थंड तेल पंपात घालतात. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये पंपाची ओढ दाखवणारा एक व्हॅक्यूम गेजही बसवा. फिल्टर तुंबत चालला की काटा सरकू लागतो, आणि गाडी रस्त्यात मान टाकण्याआधी तुम्हाला कळतं.

बदलाचं काम विजेवरचे व्हॉल्व्ह करतात. पंपाकडे जाणाऱ्या नळीला एक आणि पंपाकडून उरलेलं इंधन परत नेणाऱ्या नळीला एक, असे दोन वेगळ्या बटणांवर असले तर उत्तम. याचं कारण समजून घ्या. तेलावरून डिझेलवर येताना पंपात आणि नळ्यांत अजून तेल भरलेलं असतं. त्या वेळी परतीची नळी डिझेलच्या टाकीत सोडली तर ते तेल डिझेलमध्ये जातं, आणि काही आठवड्यांत तुमचं ‘डिझेल’ निम्मं तेल होऊन बसतं. मग सकाळी गाडी सुरू होत नाही आणि कारण सापडत नाही. म्हणून आधी फक्त पुरवठा डिझेलवर घ्यायचा, परतीचं इंधन तेलाच्या टाकीत जाऊ द्यायचं, आणि नळीत स्वच्छ डिझेल दिसलं की मग परतीही बदलायची. परतीच्या मार्गात एक छोटा पारदर्शक तुकडा टाकला की हे डोळ्यांनी कळतं: सोनेरी तेल फिकट होत जातं, मध्ये धाग्यासारख्या रेषा दिसतात आणि मग एकदम स्वच्छ होतं.

जोडणी झाल्यावर गाडी एअर घेत असेल तर बहुतेक वेळा दोष क्लॅम्पमध्ये असतो. घट्ट तेल ओढताना पंपाला जोर लावावा लागतो, आणि डिझेलवर जी फट कधी जाणवली नसती तिथून हवा आत येते. पारदर्शक तुकड्यात बुडबुडे दिसले तर एकेक जोड तपासत टाकीपर्यंत मागे जा.

पायरी सहावी: रोजचं चालवणं

डिझेलवर सुरू करा. इंजिन पूर्ण तापू द्या आणि पंपाच्या तोंडाशी तेल ७० अंशांवर गेल्याशिवाय बदलू नका. बदलल्यावर आवाज ऐका. तो थोडा मऊ होतो. काही इंजिनांत डिझेलचा कडक खडखडाट तेलावर बराच कमी होतो. उलट ठोके वाढले, पांढरा धूर आला किंवा मागच्या धुराने डोळे चुरचुरले तर तेल नीट जळत नाही. अर्धवट जळालेल्या तेलातून अॅक्रोलीन नावाचा वायू निघतो, डोळ्यांना झोंबतो तो तोच. लगेच डिझेलवर या.

तेलाला काम आवडतं. मोकळ्या रस्त्यावर, चढावर, ओझं घेऊन इंजिन चांगलं तापलेलं असतं तेव्हा ते स्वच्छ जळतं. सिग्नलवर दहा मिनिटं उभं राहायचं असेल, गर्दीत रांगायचं असेल तर डिझेलवर असलेलं बरं. रोजची फेरी पाच-सात किलोमीटरची असेल तर स्पष्ट सांगतो, हा उद्योग करू नका. तेल तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असाल.

थांबण्याआधी डिझेलवर येणं हा नियम कधीच मोडू नये. किती आधी, ते तुमच्या जोडणीवर अवलंबून आहे. परतीची नळी टाकीत जात असेल तर मिनिटभरात काम होतं; परतीचं इंधन फिरून पुन्हा पंपाच्या तोंडाशीच येत असेल तर जुनं तेल बराच वेळ घोळत राहतं आणि कित्येक मिनिटं लागतात. पंपात तेल राहून इंजिन गार झालं तर दुसऱ्या दिवशी घट्ट तेलावर स्टार्टर मारावा लागतो. बॅटरी उतरते, आणि न जळलेलं तेल रिंगांवर साचतं. तेलावर असताना किल्ली फिरवली तर वाजेल असा बझर लावून घ्या. गाडी दुसरं कोणी चालवणार असेल तर किल्ली देण्याआधी त्याच्याकडून ही बदलाबदल एकदा करून घ्या.

निगा

इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला. यात कंजुषी नको. सम्पमध्ये उतरलेलं खाद्यतेल तिथल्या उष्णतेत घट्ट होत जातं आणि एका टप्प्यानंतर ऑइलचा चिकट गोळा होतो. मग ऑइल पंप ते ओढू शकत नाही आणि बेअरिंगं जातात. दर आठवड्याला डिपस्टिक बघा. पातळी वाढताना दिसली तर आनंद मानू नका, ते सम्पमध्ये आलेलं तेल आहे. ऑइल लगेच बदला आणि नोझल तपासायला द्या.

नोझल ठरावीक काळाने काढून बघायचे. चांगल्या नोझलचं टोक काळपट पण कोरडं असतं. बिघडत चाललेल्या नोझलच्या छिद्राभोवती कार्बनची कड वाढत जाते, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात ती कर्ण्यासारखी फुलते. फवारा त्या कडेला आपटून वाकडा जातो, त्यातून कार्बन आणखी वाढतो. टेस्ट बेंचवर फवारा सारखा आणि बारीक पडत नसेल, थेंब गळत असेल, तर साफ करून किंवा बदलून घ्या. पहिल्या वर्षात हे जास्त वेळा करा. त्यावरून तुमचं तेल आणि तुमची सवय दोन्हींची परीक्षा होते.

तेलाचा फिल्टर गेज बघून बदला. गाडी नुकतीच तेलावर आली असेल तर सुरुवातीला तो लवकर तुंबतो. जुन्या पंपाच्या सीलमधून डिझेलवर परतल्यावर पाझर दिसू लागला तर सील बदलायला झाले.

कायद्याचं गाडी उघडण्याआधी विचारून घ्या. बऱ्याच देशांत रस्त्यावर जाळल्या जाणाऱ्या इंधनावर कर असतो आणि तो खाद्यतेलालाही लागू होऊ शकतो. इंधन व्यवस्थेत केलेला बदल नोंदवावा लागू शकतो, धुराची तपासणी असते, आणि बदल लपवला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. वॉरंटी असलेल्या गाडीची वॉरंटी जाणार हे धरूनच चाला. वापरलेलं तेल गोळा करून नेण्यासाठीही काही ठिकाणी परवाना लागतो.

गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर शेवटची फेरी पूर्ण डिझेलवर मारा, तेलाचा फिल्टर काढून रिकामा करा, आणि तेलाची टाकी एक तर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करून पुसून घ्या. अर्धी भरलेली टाकी गरम हवेत उभी राहिली की आतल्या भिंतीवर चिकट पिवळा थर धरतो. तो कुठल्याही साबणाने निघत नाही, खरवडूनच काढावा लागतो.